‘लोक’ म्हणजे कोण? : धर्मनिर्णय, नरसीचे नामदेव आणि आधुनिक नैतिक पेच

१

प्राचीन धर्मकल्पना आधुनिक नैतिक पेचांना लावून पाहण्याचा उद्योग मराठी विचारविश्वाला नवा नाही. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’तील (१९१५) ‘कर्मजिज्ञासा’ हे दुसरे प्रकरण याच प्रश्नाला वाहिलेले आहे, आणि विशेष म्हणजे तेथे अर्जुनाच्या शेजारी शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरायोलेनस उभे केलेले आहेत. दोन कर्तव्ये एकमेकांना छेद देऊ लागली म्हणजे शहाण्या माणसाचीही मती कुंठित होते. अशा वेळी केवळ नियम पाठ असून भागत नाही, नियमाच्या मुळाशी असलेले तत्त्व पाहावे लागते, हा टिळकांच्या विवेचनाचा रोख आहे. पुढे दुर्गाबाई भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगांत’ (१९६७) या ग्रंथांनी महाभारतातील व्यक्तींचे धर्मसंकट मराठी वाङ्मयीन चर्चेच्या मध्यभागी आणले. बिमल कृष्ण मतिलाल यांनी संपादित केलेला महाभारतातील नैतिक पेचांविषयीचा इंग्रजी निबंधसंग्रह १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर कर्णपर्वातील कौशिकाची कथा कांटच्या सत्यविषयक आग्रहाशी ताडून पाहण्याची पद्धतही आपल्या अभ्यासवर्तुळात रूढ झाली. सत्य सांगून निरपराधांच्या मृत्यूला कारण झालेला कौशिक आणि जीव वाचवण्यासाठीसुद्धा खोटे बोलू नये म्हणणारा कांट यांची ही तुलना उद्बोधक आहे यात शंका नाही.

तथापि या साऱ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली जाते. पेच ज्याच्यापुढे उभा राहतो तो राजा असतो, योद्धा असतो किंवा ऋषी असतो. निर्णय त्याचा, पश्चात्तापही त्याचाच. त्या निर्णयाचा भार ज्याच्यावर पडतो तो मनुष्य कथेत असला तरी विचारात नसतो. शांतिपर्वातील विश्वामित्र आणि चांडाळ यांचा संवाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याची तंगडी चोरू पाहतो. चांडाळ त्याला अडवतो. हे तुमच्या धर्माला शोभत नाही असे समजावतो. विश्वामित्र प्राणरक्षणाचा युक्तिवाद करतो आणि आपद्धर्म म्हणून ते मांस घेतो. टिळकांपासून आजवर सर्वांनी ही कथा आपद्धर्माचे उदाहरण म्हणून सांगितली. पण दुष्काळ चांडाळाच्या घरीही होता. घरात उरलेले ते अन्न गेल्यावर त्याने काय खाल्ले, हा प्रश्न कथेला पडत नाही आणि तिच्या भाष्यकारांनाही पडलेला दिसत नाही. वास्तविक या प्रसंगात पेच दोन आहेत; परंपरेने त्यांतला एकच नोंदवला.

धर्मकल्पना आजच्या प्रश्नांना लावताना कोणता नियम लावायचा, याच्या आधी कोणाचा पेच हा पेच म्हणून मोजायचा हे ठरवावे लागते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते ठरवण्याची एक कसोटी खुद्द धर्मशास्त्रात आहे. परंतु तिचा विस्तार शास्त्रग्रंथांत न होता कीर्तनात आणि संतचरित्रात झाला. त्या विस्ताराचे एक महत्त्वाचे केंद्र म्हणून नरसीच्या नामदेवांकडे येथे पाहावयाचे आहे.

२

मनू आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही धर्माची प्रमाणे सांगताना श्रुती, स्मृती आणि सदाचार यांच्या जोडीला आपल्या मनाला जे पटते त्यालाही स्थान दिले आहे. आधुनिक सुधारकांना या चौथ्या प्रमाणाचे मोठे आकर्षण वाटले, कारण त्यात सदसद्विवेकाचे बीज सापडते. परंतु भाष्यकारांनी हे दार बेताचेच उघडे ठेवले. ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वराच्या मते, शास्त्राने जेथे दोन पर्याय दिले आहेत तेथेच मनाचा कौल निर्णायक ठरतो. कुमारिलाने तर वेदाभ्यासाने ज्यांचे चित्त संस्कारित झाले आहे अशांपुरतेच आत्मतुष्टीचे प्रामाण्य मानले. म्हणजे मनाचा कौल मान्य आहे, पण ते मन कोणाचे हे आधीच ठरलेले आहे.

याहून महत्त्वाची कसोटी ‘लोकविद्विष्ट’ या शब्दात आहे. जे कर्म शास्त्राने विहित असूनही लोकांना तिरस्करणीय वाटते ते आचरू नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीचा आचाराध्याय सांगतो; मनूनेही याच आशयाचे विधान केले आहे. ही कसोटी केवळ पुस्तकी राहिली नाही. ज्येष्ठ पुत्राला वडिलोपार्जित संपत्तीत अधिक वाटा देण्यास शास्त्राधार असूनही ‘मिताक्षरे’ने तो विषम विभाग लोकविद्विष्ट म्हणून बाजूला सारला. नियोगासारख्या प्रथा कलियुगात वर्ज्य ठरवल्या गेल्या त्यामागेही हाच न्याय होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही सामग्री इतक्या विपुलतेने एकत्र केली आहे, की धर्मशास्त्र अचल होते असे ती वाचल्यानंतर कोणालाही म्हणता येऊ नये.

प्रश्न असा, की या कसोटीतील ‘लोक’ म्हणजे कोण? ज्येष्ठाचा अधिक वाटा लोकांना आवडेनासा झाला तेव्हा ते लोक म्हणजे घरातले धाकटे भाऊ होते; संपत्ती असलेल्या, शास्त्राच्या कक्षेतील कुटुंबांतले पुरुष होते. त्यांची नाराजी शास्त्रकाराच्या कानी पडत होती. गावकुसाबाहेरच्या माणसाला अस्पृश्यतेचा नियम प्रिय होता असे कोणीच म्हणणार नाही. तरी तो नियम लोकविद्विष्ट ठरल्याचे एकाही निबंधकाराने लिहिले नाही. नियमाचा जाच सोसणारा मनुष्य ‘लोक’ या शब्दात मोजलाच गेला नव्हता. निर्णय करणारी परिषद कशी असावी हे मनूने सांगितले आहे. तीत तीन वेदांचे जाणकार, तार्किक, मीमांसक, निरुक्तज्ञ, धर्मपाठक आणि तीन आश्रमांतील प्रतिनिधी मिळून दहा जण असावेत, निदान तीन तरी असावेत. त्यांत जाणकारांची सोय आहे, सोसणाऱ्यांची नाही.

महाभारताला ही उणीव जाणवली होती असे मात्र म्हणता येते. वनपर्वात मांसविक्रय करणारा मिथिलेचा धर्मव्याध ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तथापि व्याधाला स्वतःचा व्यवसायही पूर्वकर्माचे फळ म्हणून स्वीकारावा लागतो. त्याला बोलण्याचा अधिकार मिळतो, तक्रारीचा मिळत नाही.

३

नामदेवांचा जन्म परंपरेने शके ११९२ (इ. स. १२७०) मानला जातो. कयाधू नदीच्या काठचे नरसी हे त्यांचे जन्मस्थान आज सर्वमान्य झाले आहे. रा. गो. भांडारकरांनी जन्मगाव कऱ्हाडच्या परिसरात शोधले होते, आणि जन्म पंढरपुरात झाल्याचे मानणारी परंपराही आहे. हिंगोली जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या ग्रंथांत नरसीचा निर्देश परभणी जिल्ह्यात आढळतो. नामदेवांच्या नावावरील गाथा ही एका लेखणीची निर्मिती नव्हे हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. विष्णुदास नामा आणि इतर उत्तरकालीन नामे तीत मिसळलेले आहेत. ख्रिश्चन ली नोवेट्झके यांनी नामदेवांवरील आपल्या ग्रंथात (२००८) ही परंपरा एका व्यक्तीच्या चरित्रापेक्षा कीर्तनातून घडत गेलेली सार्वजनिक स्मृती म्हणून वाचली आहे. आपल्या प्रश्नासाठी ही दृष्टी उपयुक्त आहे. पुढील कथा जशाच्या तशा घडल्या की नाही हा येथे मुद्दा नाही. शतकानुशतके त्या सांगितल्या गेल्या आणि सांगणाऱ्यांनी त्यांतून काही नैतिक निर्णय केले, हा मुद्दा आहे.

नामदेवांच्या जन्माच्या सुमारास देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री हा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचवीत होता. व्रते, दाने, श्राद्धे, काळ यांविषयीच्या वचनांचा तो अवाढव्य संग्रह निबंधपद्धतीचे शिखर मानला जातो. या पद्धतीत धर्मनिर्णय म्हणजे वचन शोधणे, वचनांचा विरोध मिटवणे आणि व्यवस्था लावणे. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात, शके ११९५ ते ११९९ या काळातील दानांच्या नोंदींत, रामचंद्रदेव यादवाबरोबर हेमाद्रीचेही नाव येते. ज्या देवळाच्या दात्यांत हेमाद्री होता त्याच देवळाच्या दाराशी पुढे नामदेवांचे कीर्तन उभे राहिले. एकाच काळात आणि एकाच क्षेत्री धर्मविचाराच्या दोन रीती नांदत होत्या. पहिली संस्कृत ग्रंथात, दुसरी मराठी कीर्तनात. साहित्याच्या इतिहासाने पहिलीला विचार म्हटले आणि दुसरीला भाव म्हटले. ही विभागणी तपासून पाहिली पाहिजे.

गोरा कुंभाराच्या घरी तेर येथे जमलेल्या संतमेळ्याची कथा सर्वपरिचित आहे. गोरोबा थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून कोणाचे मडके भाजले आणि कोणाचे कच्चे राहिले ते पाहतात. रागावलेले नामदेव कच्चे ठरतात. तेथून ते औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात. कथेतील विनोद बाजूला ठेवला तर हे परिषदेचेच रूप आहे. येथे परीक्षा होते, निर्णय होतो, आणि निर्णयाचा मान राखला जातो. फरक इतकाच की परीक्षक कुंभार आहे आणि त्याचे प्रमाण त्याच्या धंद्यातून आलेले आहे. शिंपी, माळी, सोनार, न्हावी, दासी आणि महार ज्या मेळ्यात बोलतात, त्या मेळ्याने ‘लोक’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. जनाबाईंच्या दळणकांडणाला अभंगात जागा मिळाली. तिचे वाङ्मयीन मूल्य आपण मान्य केले, पण तिच्यामागचा प्रामाण्यविषयक दावा पुरेसा ओळखला नाही.

औंढ्या नागनाथाची कथा या दाव्याची अधिक तीव्र मांडणी करते. महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) पूजेला निघालेल्यांची वाट अडते आणि सोवळे धोक्यात येते म्हणून नामदेवांना देवळामागे जायला सांगितले जाते, ते मागे जाऊन कीर्तन करतात आणि देऊळच फिरते. आजही तेथील नंदी मागे असल्याकडे भाविक बोट दाखवतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्या ग्रंथाचे मूळ संकलन १६०४ सालचे. त्यांतील भैरव रागातल्या एका पदात हाच प्रसंग स्थळाचे नाव न घेता येतो. तेथे देवळातून उठवले जाण्याचे कारण जात हेच आहे. मराठी कथनात जे सोवळ्याच्या आड झाकले गेले ते पंजाबात स्पष्ट राहिले, ही पाठभेदाची बाब लहान नाही. नैतिक दृष्ट्या कथेचा आशय असा, की सभेचे स्थान बदलले. जेथे हाकललेले लोक बसले तीच पुढची बाजू झाली. शास्त्रवचनाचा नवा अर्थ येथे लावलेला नाही. निर्णय कोठून पाहायचा ती जागा फिरवलेली आहे.

कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा बालबोध पुस्तकांनी गुळगुळीत केली. विश्वामित्राच्या कथेशेजारी ठेवली की तिचे तेज कळते. तेथे भुकेला ऋषी आपल्या भुकेसाठी धर्माची सूट मागतो. येथे दुसऱ्याची भूक हेच धर्माचे निमित्त होते. आपद्धर्माची सारी चर्चा ‘मला किती सूट’ या प्रश्नाभोवती फिरते. नामदेवांच्या कथेने प्रश्नाचा कर्ताच बदलला.

४

या परंपरेची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे पाहिली पाहिजे, आणि त्यासाठी मंगळवेढ्याच्या प्रसंगाइतके दुसरे उदाहरण नाही. शके १२६० (१३३८) मध्ये गावकुसाचे बांधकाम कोसळून त्याखाली चोखामेळा आणि इतर मजूर गाडले गेले असे परंपरा सांगते. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या, आणि त्या पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी दिली.

शास्त्राच्या भाषेत येथे खरा धर्मविरोध आहे. प्रेताचा आणि अस्थींचा स्पर्श अशौच उत्पन्न करतो. त्यातही त्या अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या. दुसऱ्या बाजूला सख्याचे ऋण आहे, आणि मृत देहाला ओळख मिळावी हा त्या देहाचा हक्क आहे. ढिगाऱ्याखालच्या हाडांना नाव नसते. नामदेवांनी त्यांतल्या एकाला नाव परत दिले. या कृतीत अशौचाचा विचारही होत नाही. तो टाळलेला नाही, तो अप्रस्तुत ठरवलेला आहे.

पण दोन गोष्टी उरतात. त्या ढिगाऱ्यातील इतर मजुरांच्या अस्थींचे काय झाले, याविषयी कथा गप्प आहे. नामस्मरण हे ओळखीचे प्रमाण मानले की ज्याच्या हाडांतून नाम ऐकू येत नाही तो पुन्हा अनामच राहतो. दुसरे असे की समाधी दारासमोर झाली, दाराच्या आत नव्हे. पुढे शके १२७२ (१३५०) मध्ये नामदेवांनी त्याच महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली असे मानतात. भक्तांचे पाय लागावेत म्हणून पायरी झालेला हा संत दरवाजाच्या रचनेला हात लावू शकला नाही. ‘लोक’ वाढले, पण वाढलेल्या लोकांची सभा उंबरठ्याच्या बाहेरच भरत राहिली. चोखोबांच्या वंशजांचा आणि जातबांधवांचा प्रवेश त्यानंतर सहाशे वर्षे बंद होता.

५

विसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मकल्पनेचा आधुनिक विनियोग तीन वाटांनी झाला, आणि या तीन वाटा वरील दोन रीतींच्या प्रकाशात समजून घेता येतात.

पहिली वाट निबंधकारांची. लोणावळ्याचे धर्मनिर्णय मंडळ, वाईची प्राज्ञपाठशाळा आणि तेथून निघालेला ‘धर्मकोश’ हे तिचे टप्पे. १६ जून १९३३ रोजी पुण्यात पर्णकुटीत देवदास गांधी आणि लक्ष्मी राजगोपालाचारी यांचा विवाह झाला. वर वैश्य आणि वधू ब्राह्मण, म्हणजे परंपरेच्या भाषेत प्रतिलोम. या विवाहाचे पौरोहित्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी केले. शास्त्री स्वतः विधीला उभा राहतो तेव्हा शास्त्राच्या आतूनच शास्त्र हलते, हे या वाटेचे बळ. मात्र ती शास्त्रज्ञांच्या संमतीवर अवलंबून राहते. तर्कतीर्थांनी ‘हिंदुधर्माची समीक्षा’ केली ती या वाटेच्या मर्यादा ओळखूनच.

दुसरी वाट साने गुरुजींची. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी त्यांनी १९४६च्या कार्तिकी एकादशीपासून उपोषणाचा संकल्प केला. मग तो सहा महिने पुढे ढकलून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला, आणि १ मे ते १० मे १९४७ या काळात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली आणि मंदिर उघडले. उपोषण हे नैतिक दडपण आहे. ज्याचे मन वळवायचे त्याच्या स्वातंत्र्यावर ते आक्रमण ठरत नाही काय, हा आक्षेप गंभीर आहे. खुद्द गांधीजींनाही या उपोषणाविषयी शंका होती. त्याचे उत्तर माझ्या मते उपोषणात नाही, त्याआधीच्या सहा महिन्यांत आहे. गावोगाव हिंडून गुरुजींनी जे केले ते लोकविद्विष्टाच्या कसोटीचे प्रत्यक्ष उपयोजन होते. बंदी अजूनही लोकमान्य आहे की लोकांच्या मनातून उतरली आहे, हे त्यांनी ग्रंथात न शोधता लोकांनाच विचारले. देवळाला फिरवण्याऐवजी त्यांनी गावे फिरून काढली, आणि बडव्यांपुढे उभे राहण्याचा अधिकार त्यातून मिळवला. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. नामदेवांची नरसी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. हा कायदा तेथे लागू नव्हता.

तिसरी वाट डॉ. आंबेडकरांची, आणि पहिल्या दोन्हींची परीक्षा करणारी. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. या लेखाच्या परिभाषेत ही घटना अशी वाचता येते, की नियमाचा जाच सोसणाऱ्यांनी तो नियम लोकविद्विष्ट असल्याचे प्रथमच जाहीर सभेत नोंदवले. शास्त्राने जी कसोटी सांगितली तिचा निकाल शास्त्राविरुद्ध लागला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० मध्ये सुरू झाला. पण १९३३च्या निवेदनात आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाला दुय्यम स्थान दिले, कारण दाराआड समानता नसेल तर दार उघडून भागत नाही. संतांविषयीचे त्यांचे मत कठोर होते: संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतील विषमतेवर घाव घातला नाही. तरीही अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा त्यांचा १९४८चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलेला आहे. या दोन गोष्टींत विसंगती नाही. चोखोबांना त्यांनी समाजात जन्मूनही वगळल्या गेलेल्या माणसाचा साक्षीदार म्हणून मानले, व्यवस्थेवरचा उपाय म्हणून नव्हे. १९५६ साली नागपूरला त्यांनी स्वीकारलेला धम्म हाही प्राचीन भारतीय धर्मकल्पनेचाच आधुनिक विनियोग आहे, आणि कदाचित सर्वांत मूलगामी. कारण तेथे नीती ही धर्माची एक शाखा राहत नाही, माणसाने माणसाशी कसे वागावे हाच धम्माचा गाभा ठरतो. वारकरी परंपरेच्या अभ्यासकाने या निर्णयाला उत्तर देण्याची घाई करू नये. सहाशे वर्षे पायरीवर थांबलेल्यांनी अखेर दुसरी वाट धरली, हा त्या पायरीच्या इतिहासाचाच भाग आहे.

६

या इतिहासातून आजच्या पेचांसाठी काही पद्धत निघते काय? दोन अलीकडची उदाहरणे घेऊ.

शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ देत नसत. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने १९५६च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेऊन स्त्रियांना असा मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट केले, आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला. परंतु गावातील काही स्त्रियांनीच प्रवेशाला विरोध केला होता. नियम ज्यांच्यावर आहे त्यांतल्या काहींना तो प्रिय असेल तर लोकविद्विष्टाची कसोटी कोलमडते काय? केवळ डोकी मोजली तर ती खरोखरच कोलमडते. नामदेवांच्या औंढ्याच्या कथेने सुचवलेली दिशा निराळी आहे. देऊळ फिरल्यावर पुढच्या बाजूच्या पुजाऱ्यांची पूजा बंद पडली नाही. चौथऱ्यावर जायचे नाही असे ज्या स्त्रीला वाटते तिला खुल्या दारामुळे काही गमवावे लागत नाही. ज्या स्त्रीला जायचे आहे तिचे बंद दाराने सर्वच जाते. ज्या नियमाला नकार देण्याची वाट उघडी आहे तो आचार. ज्याला नकारच देता येत नाही तो जाच. ‘लोक’ मोजायचे ते या भेदाने.

दुसरे उदाहरण २०२० सालच्या वारीचे. वारीचा नेम वारकऱ्याला नित्यकर्मासारखा. साथीच्या काळात पायी वारी थांबली. पालख्यांच्या पादुका एस. टी.च्या बसमधून पंढरपूरला नेण्यात आल्या. आपद्धर्माच्या जुन्या चौकटीत हा निर्णय ‘आपल्या जिवासाठी नेमात सूट’ असा मांडला जाईल, आणि मग निष्ठावंत वारकऱ्याला तो कमीपणाचा वाटेल, कारण आपल्या जिवाची पर्वा न करण्यातच त्याची निष्ठा आहे. पण पेच त्याच्या जिवाचा नव्हताच. दिंडीच्या वाटेवरची गावे, तेथे अन्न रांधणाऱ्या बायका, मुक्कामाची घरे यांचा तो पेच होता. तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांच्या कथेने प्रश्नाचा कर्ता जसा बदलला तसा येथे बदलला, की थांबणे हाच नेमाचा निर्वाह ठरतो.

या दोन उदाहरणांवरून धर्मविचाराची एक शिस्त सांगता येईल. पेच मांडताना आधी त्यातली माणसे मोजावीत. त्यातही निर्णयाचा भार जिच्यावर पडणार ती व्यक्ती सभेत आहे काय हे पाहावे. मग वचन, आचार आणि मनाचा कौल यांचा विचार करावा. विश्वामित्राच्या आधी चांडाळाची भूक विचारात घ्यावी. ही शिस्त परकी नाही. तिचे सूत्र याज्ञवल्क्यापाशी आहे आणि तिचा विस्तार नरसी, औंढा, तेर, मंगळवेढा या मराठी भूगोलात झालेला आहे. मात्र तिचा निकाल प्रत्येक वेळी परंपरेच्या बाजूने लागेल अशी हमी तिच्यात नाही, हे महाडने दाखवून दिले.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी यातून एक काम उरते. महाभारत हा आपल्या नैतिक विचाराचा ग्रंथ आणि गाथा हा भक्तिभावाचा, ही वाटणी सोडावी लागेल. नामदेवांच्या नावावरील चरित्रपर रचना, जनाबाई, चोखोबा आणि सोयराबाई यांचे अभंग हे प्रामाण्यविषयक युक्तिवाद म्हणून वाचले पाहिजेत: त्यांत कोण बोलते, कोणाला उद्देशून बोलते, कोणत्या जागेवरून बोलते, आणि कोणत्या पाठात जात झाकली जाते व कोणत्या पाठात उघडी राहते. पंढरपूरच्या मंदिरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आले आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींतील स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले. आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीला पंढरपूरहून परतलेले वारकरी नरसीला येतात; शीख भाविकही तेथे येतात. ज्या गाथेच्या आधारे ते सारे येतात तिच्या प्रक्षिप्ताचा आणि पाठभेदांचा अभ्यास शासकीय प्रतीच्या (१९७०) नंतरही पुष्कळ बाकी आहे. तो झाल्याशिवाय ‘लोक’ या शब्दाचा मराठी इतिहास पुरा लिहिता येणार नाही.